आजोबांच्या खुर्चीपाशी

अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. बैठकीच्या खोलीत गालिच्यावर गुडघे टेकून बसला आहात आणि तुमच्या नाकाखाली एक ओला, उग्र वासाचा डाग आहे. आणि तो पाहून तुम्हाला आनंद झाला आहे.

हेटीला झाला होता. हसू दिसू नये म्हणून तिने गाल आतून चावून धरले होते.

"पुन्हा?" आई दारातूनच ओरडली. "बाबा, या आठवड्यातला हा तिसरा! पुन्हा तुमच्या खुर्चीपाशीच!"

"घासू नकोस!" आजोबा धडपडत खाली वाकले. "घासलं की लोकरीत मुरतं. टिपायचं."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी डागावर ठेवून तळव्याने दाबली. मग व्हिनेगरचं पाणी, मग वरून सोडा. हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीत त्यांनी चाळीस वर्षं माग चालवला होता. हा लाल गालिचा गिरणीने त्यांना निरोपाच्या दिवशी दिलेला. डाग पडला की पुसणार तेच, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत.

"लहान आहे गं तो, शिकेल," ते म्हणाले. पण आईकडे बघितलं नाही.

"तीन आठवडे शिकतोच आहे! आता पुरे. मी मेटकाफबाईंना फोन करते. संध्याकाळी येऊन घेऊन जातील त्यांचं पिल्लू परत शेतावर."

आजोबांचा हात डागावरच थांबला. मॉस, ते कुत्र्याचं काळंपांढरं पिल्लू, त्यांच्या मोज्याचं टोक चावत होतं.

संध्याकाळी! हेटीने मनात तास मोजले. सात.

मॉस येण्याआधी सगळं कसं छान होतं. ती शाळेतून आली की आजोबा फाटकाशी उभे राहून शीळ घालायचे. ती शीळ तिची होती. चहाबरोबरच्या आल्याच्या बिस्किटाचा अर्धा तुकडाही तिचाच. मग एका रविवारी आजोबांनी अचानक हट्ट धरला, घरात कुत्रं हवं. आई बघतच राहिली. ज्या गालिच्यावर हेटीला बूट घालून पाय ठेवायची सोय नव्हती, त्यावर कुत्रं?

आता शीळ मॉसला. बिस्किट मॉसला. दर तासाला स्वयंपाकघरातला गजर वाजायचा, की डॉमिनोचा डाव अर्धा टाकून आजोबा उठलेच. मागच्या दाराची वीतभर पायरीसुद्धा मॉसला चढता येत नसे, म्हणून त्याला उचलून अंगणात न्यायचं. तिथे गवतात त्यानेच ओल्या केलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा दगडाखाली ठेवलेला असे.

"वासाने कळतं त्याला, आपली जागा कुठली," आजोबा सांगायचे. आणि काम झालं रे झालं, की, "शाब्बास, माझ्या राजा!"

"मला नऊचा पाढा आला तेव्हा एकदाच म्हणालात शाब्बास," हेटी एकदा म्हणाली.

"पाढा काय, तुला येणारच होता."

हे तिला फार झोंबलं होतं.

काल तर तिने स्वतः पाहिलं होतं. मॉस आपणहून मागच्या दाराशी गेला, दार खरवडलं, तिच्याकडे बघून कुंई केलं. तिने दार उघडलं. तो बाहेर उतरला, काम उरकलं आणि पायरीशी येऊन थांबला; तिने त्याला उचलून आत घेतलं. हेटीने हे कुणालाही सांगितलं नाही. का सांगावं?

एकच गोष्ट अजून तिची उरली होती. आजोबांच्या खुर्चीचा हात. त्यावर बसून ती त्यांना वाचून दाखवायची. मॉसने खुर्चीकडे नुसते पंजे उचलले तरी आजोबांचा आवाज चढायचा, "खाली! कुत्र्याची जागा जमिनीवर!" या बाबतीत ते भारी कडक. एकदाही त्याला मांडीवर घेतलं नव्हतं.

चार वाजता आईने शेजारच्या डोरीनकडून जांभळ्या उजेडाची टॉर्च आणली.

"अंधारात जुने डाग चमकतात म्हणे याने. पडदे ओढ आणि एकेक शोधून काढ. त्यावर वास खाणारं औषध मारू, म्हणजे एकदाचा सुटेल हा वास."

आजोबा मॉसला घेऊन अंगणात होते. त्याला निरोप देत असावेत. हेटीने पडदे ओढले.

मागच्या दाराशी दोन डाग, फिकट, जुने. बस्स. सोफ्याखाली काही नाही. कपाटापाशी काही नाही. मग खुर्चीपाशी उजेड गेला आणि गालिचा हिरवट पिवळा पेटल्यासारखा झाला. केवढा मोठा! "सापडलास," हेटी पुटपुटली.

तिने कडेकडेने टॉर्च नेली. डाग खुर्चीच्या पायापाशी संपत नव्हता. खुर्चीच्या पुढच्या कापडावरून तो वर गेला होता. हेटीने टॉर्च वर उचलली.

गादीच्या बरोबर मधोमध, ताटाएवढा.

मॉसला तर वीतभर पायरीसुद्धा चढता येत नव्हती. मग बाहेर गाडीचं दार वाजलं. मागच्या दाराने पावलं आत येऊ लागली. हेटीने टॉर्च विझवली, दोन्ही हातांनी गादी उलटी केली आणि पडदे उघडले.

"झालं का?" आई म्हणाली. "मेटकाफबाई आल्यात."

तिच्या मागे आजोबा उभे होते. मॉस त्यांच्या हातात होता. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं नाही. आधी खुर्चीकडे पाहिलं, मग हेटीच्या हातातल्या टॉर्चकडे. त्यांनी मॉसला छातीशी घट्ट धरलं.

"त्याला पाठवू नकोस, आई," हेटी म्हणाली. "मॉसने नाही केलं. गवतातले त्याचे ओले कागद आणून मीच इथे दाबायचे. तो जावा म्हणून."