मधली खुर्ची

"अहो, डावीकडे सरकवा जरा! लाइट चेहऱ्यावर पडायला हवा," मुलगा स्टुलावर चढलेल्या माणसावर खेकसला. शाळेच्या सभागृहात, व्यासपीठामागच्या भिंतीवर, दाराएवढी फोटोची चौकट चढत होती. तिच्यावर निळं कापड टाकलेलं होतं.

"लावायच्या आधी मला एकदा बघू दे रे," चित्रकलेच्या बाई खालून म्हणाल्या.

"सगळ्यांबरोबरच बघा ना, मावशी. सरप्राइज आहे."

सरप्राइज म्हणे! आईला जाऊन महिना झाला नव्हता आणि एकुलत्या एका चिरंजीवांना सरप्राइज सुचत होतं.

बाईंचा जीव त्या फोटोत अडकला होता. त्याची आई म्हणजे त्यांची मैत्रीण, तरुण वयातच या शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राबली. कॅमेरा निघाला की तो हिच्याच हातात. घरात मुलाचे फोटो पोतंभर, हिचा धड एक नाही. आजारपणात सुजलेला चेहरा बाईंना भिंतीवर नको होता. म्हणून त्यांनी आपल्याजवळचा शिक्षकांचा जुना ग्रुप फोटो मुलाला मोबाइलवर पाठवला. "यातून तिला मोठी कर. ती या भिंतीवर राहू दे, बाकी माझं काही मागणं नाही," एवढंच सांगितलं. त्यातली ती कुठली, हे सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. स्वतःची आई काय बोट करून दाखवायची असते?

सभा सुरू झाली. संस्थेचे अध्यक्ष तिला कधी भेटलेच नव्हते, त्यामुळे ते सगळ्यांत जास्त बोलले. मग मुलगा उठला. आवाज कुठे जड करायचा, रुमाल कधी काढायचा, सगळं घरून ठरवून आणलं होतं. दवाखान्यात कानाला फोन लावून दारातूनच "बरंय ना आता?" विचारणारा हा गृहस्थ आता उशाशी जागवलेल्या रात्रींचं वर्णन करू लागला.

"माझी आई मधल्या खुर्चीत बसणारी बाई होती! मागे उभं राहणं तिला ठाऊकच नव्हतं. तिचा चेहरा मी लाखांत ओळखेन," असं म्हणून त्याने दोरी ओढली.

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पण सभागृहाला रंग त्याच्या पैशाने लागला होता, तेव्हा कोण हात आवरणार?

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भिंतीवरून त्यांच्याकडे त्या स्वतःच बघत होत्या. तरुण, गोऱ्यापान, स्टुडिओने गुळगुळीत केलेल्या.

"किती वात्सल्य आहे ना आईंच्या चेहऱ्यावर," पुढच्या रांगेतली सून डोळे टिपत म्हणाली. बाईंना मूल नव्हतं आणि कधी हवंही नव्हतं. एका माजी विद्यार्थ्याने भिंतीकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं आणि चटकन मान खाली घातली. उगाच वाईटपणा कोण घेणार!

बाई उठल्या आणि तडक व्यासपीठावर गेल्या.

"उतरव तो फोटो."

"का, मावशी? आवडला नाही?"

"न आवडायला काय झालंय? माझाच आहे."

तो हसला. मग त्याने वर पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि हसू तोंडावरच राहिलं. माइक हातात तसाच चालू होता, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"पण मधली खुर्ची तर मुख्याध्यापिकेची असते ना? ती बघूनच मी स्टुडिओवाल्याला... बरं, आता राहू द्या. कुणाला कळलंय? लोक बघतायत, मावशी. नंतर बघू काहीतरी."

बाईंना त्याची किळस आली. त्यांनी पर्समधून मूळ फोटो काढला, त्याच्या नाकासमोर धरला आणि मागच्या रांगेत, अगदी कडेला बोट ठेवलं. तिथे एक सडपातळ बाई उभी होती. तिच्या कडेवरचं मूल तिच्या खांद्यावर मान टाकून झोपलं होतं. तिचं कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या मुलाकडे बघत होती.

"ही तुझी आई," बाई म्हणाल्या. "खुर्ची तिचीच होती. पण पोराच्या अंगात ताप होता, ती खाली टेकली की रडायचं. म्हणून मला तिथे बसवलं आणि ती मागे जाऊन उभी राहिली."

त्याने फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं.

"हे पोर कुणाचं?"