मारबतीला सांगायचं

"वाच नं वं," गुंजन म्हणाली. "इतकी मस्त वाचून राहिली होती. काहून थांबली?"

रीनाचं बोट 'झाडावर' या शब्दावर होतं आणि मान दाराकडे. गल्लीतून एक मोटरसायकल आली, घरासमोरून गेली आणि नळाच्या पुढे जाऊन विरली. तेव्हा कुठे रीना म्हणाली, "विश्वनाथकाकाची होती. त्यांची चेन वाजते."

"मी तुले गाडी विचारली का धडा?"

रीना पुन्हा पुस्तकात शिरली. "झा... डा... व..." दोन मिनिटांपूर्वी याच पोरीने धड्यातली खार सरसर शेंड्यापर्यंत नेली होती. आता ती बुंध्यापाशीच अडकली.

गुंजन हटणारी नव्हती. मागच्या महिन्यात तिने वक्तृत्वाची ढाल आणली होती, आणि तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं काही जगात आहे, हे तिला पटतच नव्हतं. उद्या शाळेत रीना बाईंसमोर धडा वाचणार म्हणजे वाचणार. नाही वाचला तर बाई तिला तिसरीतून उचलून दुसरीच्या वर्गात बसवणार होत्या. "हिच्या डोक्यात काही टिकतच नाही," असं त्या आईला सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. खोटं होतं ते. उन्हाळ्यात भिवापूरला मावशीकडे हीच पोरगी मिरचीच्या पोत्यांवरची नावं घडाघडा वाचत अंगणभर फिरायची.

"ताई, मावशीकडे केव्हा जायचं?"

"दिवाळीत. वाच."

"तिथं मले सगळं येते."

"इथं गाड्या येतात म्हणून इथं नाही येत का? मावसाजींची पण गाडी आहे नं."

"ती नुसती येते," रीना म्हणाली.

आतल्या खोलीत आई केर काढत होती. आज मारबतीचा दिवस. तिकडे शहरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघायच्या आत घरचा केर कोपऱ्यावर नेऊन टाकायचा आणि घरात जे जे नको, ते घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगायचं. आईच्या सुपलीत आज केराबरोबर निळ्या कपाचे तुकडे खुळखुळत होते. काल संध्याकाळी पप्पा हिंगण्याला रात्रपाळीवर निघाले, त्याच्या जरा आधीचे. आई डाव्या हाताने झाडत होती. उजवं मनगट सुजलं होतं, आणि त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

गल्लीत पुन्हा गाडी वाजली. रीनाची मान वळली. गुंजनला काय सुचलं कोण जाणे, तिने मागून दोन्ही तळवे रीनाच्या कानांवर घट्ट दाबले आणि हनुवटीने पुस्तक दाखवलं.

रीना वाचू लागली. खार झाडावर चढली, तिने फळ कुरतडलं, पिलांना दिलं. पूर्णविरामाला थांबली, नव्या ओळीवर उडी मारली. हसलीसुद्धा, खारीचं पिलू फांदीवरून घसरलं तिथे. गुंजनच्या तळव्यांत तिचे गाल गरम लागत होते. अर्धं पान झालं. बाईंना आत्ता इथे आणून उभं करावं असं गुंजनला वाटलं.

मग रीनानेच तिचे हात ओढले. "काढ नं ताई. मले कळन कसं?"

"काय कळायचं आहे तुले?"

"पप्पा आले ते. त्यांची गाडी वळणावर खाकरते. मग स्टँड आपटलं की आईले सांगा लागते."

"कोणी सांगितलं तुले असं?"

"कोणीच नाही."

दारात आई सुपली घेऊन उभी होती. केव्हापासून, ते गुंजनला कळलं नाही. "चला," आई म्हणाली, "मारबत जाईन निघून."

कोपऱ्यावर शेजारच्या अंजनाबाई आधीच पोचल्या होत्या. "गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत," त्यांनी गल्ली दणाणून सोडली आणि मागे पाहिलं. "या, वक्त्या बाई. तुमची ढाल काय म्हणते? होऊ द्या आता एक जोरदार."

गुंजनकडे वाक्य तयार होतं. घरून येतानाच तिने ते जुळवलं होतं. पप्पाचा राग घेऊन जा गे मारबत. तिने छाती भरून श्वास घेतला. समोर अंजनाबाई होत्या, त्यांची सून होती, नळावरच्या बाया होत्या.

"रोगराई घेऊन जा गे मारबत," ती म्हणाली, तेही कसंबसं.

आईने सुपली उलटी केली. निळे तुकडे ढिगावर खळकन पडले. बाया दुसरीकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात रीना पुढे झाली. बाईंसमोर जिचा आवाज फुटत नसे, तिने तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, "गाडीचा आवाज घेऊन जा गे मारबत."

अंजनाबाई हसल्या. "कोणाच्या गाडीचा वं, पोरी?"

काहीतरी चुकलं असावं तशी रीना घाईने केरावर वाकली, जणू मारबत तिथेच बसली होती.

"पप्पाले नको नेऊ," तिने हळूच सांगितलं. "फक्त आवाज ने."

वळणावर एक गाडी खाकरली. रीनाची मान वळायच्या आत आईने सुपली खाली टाकली, आणि सुजलेल्या हातासकट दोन्ही हात तिच्या कानांवर ठेवले.