तीन बोटं

सापळ्यातला चिकट पुठ्ठा बागमालक हॉलिसने उन्हात धरला. "सात पतंग. पाचाच्या वर गेले की फवारणी, हा तुझाच नियम ना?" सफरचंदाच्या ओळींपलीकडे फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत उभा होता.

"सगळे सफरचंद पोखरणारे नाहीत," कस्तुरी म्हणाली. "माझा आकडा मी लिहिलाय. फवारणी नको." तिने वही मिटली. सल्लागार म्हणून तिचा हा पहिलाच हंगाम. अंदाज चुकून फळात अळी पडली, तर इंग्लंडातल्या या सॉमरसेट भागातली एकही बाग तिला पुन्हा बोलावणार नव्हती.

"तू तेच म्हणणार!" हॉलिसने इकडेतिकडे पाहिलं आणि पुठ्ठा सरळ तिच्या आईपुढे केला. "तुम्ही सांगा, मॅडम. किती?"

"बारापर्यंत ती बोलत नाही," कस्तुरी म्हणाली. "व्रत आहे तिचं."

सुलक्षणाबाईंचं श्रावणातलं मौन. ते सुटताना पहिला शब्द देवाचा, हा नेम एकवीस वर्षांत चुकला नव्हता. पुण्याहून इतक्या लांब येऊनही नाही.

सकाळी गाडीत लेकीने सांगितलं होतं, "पंखाच्या टोकाला तांबूस चट्टा असतो, आई. नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या पळीसारखा. तो असेल तोच आपला."

त्यांनी पदराने चष्मा पुसला. तांदूळ निवडायला बसावं तशा गवतात बसल्या, पुठ्ठा मांडीवर घेतला. एकेका पतंगाशी बोट थांबे, पुढे सरके. राखी. मातकट. नुसताच तपकिरी. लेकीच्या तोंडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

मग हात वर केला. तीन बोटं.

"नक्की?"

बोटं तशीच राहिली.

कस्तुरीने वही उघडून हॉलिसपुढे धरली. पानावर तीनचाच आकडा.

त्याने टोपी मागे सारली. "बंद कर रे ते!" तो ट्रॅक्टरवाल्याला ओरडला. घरघर थांबली तशा गवतातल्या मधमाश्या ऐकू येऊ लागल्या. जाता जाता तो वळला, "तुझी आई पगार किती घेते?"

कस्तुरी हसली. तिने नोकिया आईपुढे धरला. बारा वाजून दोन मिनिटं.

सुलक्षणाबाई उठल्या, साडीवरचं गवत झटकलं, लेकीकडे डोळे भरून पाहिलं.

"कस्तुरी," त्या म्हणाल्या.

"अगं आई! आधी देवाचं नाव!"

"घेतलं की."