घरचे शंभर शब्द

आसारामने धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला आणि तो घोंगडीवर मांडी घालून बसला. समोर त्याचा मुलगा सहादेव वही उघडून बसला होता.

पुण्याच्या कॉलेजात सहादेवला इतिहासाच्या जोडीला भाषाशास्त्र घ्यायचं होतं. सर म्हणाले होते, "घोंगड्या विणणाऱ्या घरातले ना तुम्ही? मग त्या कामातले शंभर शब्द आणा. सोमवारी वही पाहीन आणि विषय द्यायचा की नाही ते ठरवीन." आज रविवार. तिसगावातून नगरची मोटार तीनला सुटायची.

"आबा, ह्या काठीला काय म्हनायचं?"

"काठी."

"आन् ही दोरी?"

"दोरीच की." आसारामला घाम फुटला. "तुज्या पुस्तकात असंल त्ये लिव ना बाबा. आमचं अडान्याचं कशाला?"

"पुस्तकात न्हाई, म्हनून तर तुमाला इचारतोय."

सहादेवची आई कडूबाई चुलीपाशी चिंचोक्याची खळ ढवळत होती. "जेवताना बी तोंड बंद ऱ्हात न्हाई, आन् आज लेकानं इचारलं तर वाचा गेली!" ती म्हणाली. "उठा आता. खळ घट व्हाया लागली."

अंगणात खुंट्यांना उभे धागे ताणून बांधले होते. ऊन होतं तोवर त्यांना खळ लावायलाच हवी होती. आसारामने पटका काढून ठेवला. एक कुंचा त्याने घेतला, एक सहादेवने.

"आरं, रेटतोस काय! नुसता फिरव. ह्यो धागा बघ, मुरला. आन् ह्यो रुसला."

"रुसला?"

"खळ घेत न्हाई त्यो रुसला. त्याला वढायचं न्हाई. दोनदा हात फिरवायचा, गप ऱ्हायचं."

मग तो बोलतच सुटला. सहादेव वहीकडे धावला, तसा आसाराम ओरडला, "हात सोडू नगंस, वाळंल!" सहादेव एकेक शब्द मोठ्याने म्हणत राहिला. चुकला की आसाराम कुंचा थांबवायचा, तो शब्द सावकाश पुन्हा सांगायचा, आणि नीट म्हटला की मान हलवून पुढच्या धाग्याकडे वळायचा.

हात धुऊन सहादेवने आठवले तेवढे उतरवले. एक्क्याण्णव.

"नऊ कमी पडलं म्हनून न्हाई म्हनत्याल व्हय तुजं सर?" आसारामने विचारलं.

सहादेवने वही पिशवीत टाकली. पिशवी उचलून तो निघाला.

महायुद्धाचे दिवस; पेट्रोल लढाईवर गेलेलं, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. धूर सोडत ती हळूहळू हलली. तेवढ्यात मागून आसाराम धावत आला. बोडका, कोपरापर्यंत खळ वाळलेली. खिडकीचा गज धरून तो मोटारीबरोबर चालू लागला आणि धापा टाकत एकेक शब्द सांगू लागला. सहादेव गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होता.

वेशीपाशी सत्त्याण्णव झाले.

ड्रायव्हरने मान वळवून मागे पाहिलं. त्याने मोटार थांबवली नाही. पण वेगही वाढवला नाही.