ठकीची खिडकी

दवाखान्यातल्या टेबलावर ठेवल्याबरोबर ठकी मांजरीनं डोळे किलकिले केले, लांबलचक जांभई दिली आणि उठून बसली. सुनेनं कपाळावर हात मारून घेतला.

"बघा, बघा! घरी मेल्यासारखी पडली होती हो. उचललं तर मान टाकत होती. रिक्षात सगळी वाट माझा जीव टांगणीला, आणि इथं आल्या की या बाई ठणठणीत!"

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मागच्या खेपेला हसल्या होत्या, त्याच्या आधीच्या खेपेलाही. रक्त तपासून झालं होतं, पोट दाबून झालं होतं, जंतांचं औषधही झालं होतं. कशात काही सापडलं नव्हतं. आज त्यांनी ठकीचं तोंड उघडलं, आत बॅटरीचा झोत टाकला आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"हिरड्या फार लाल आहेत हिच्या."

"तब्येतच तशी आहे," सून कौतुकानं म्हणाली. "खायला-प्यायला काही कमी नाही ना."

कमी कशाचंच नव्हतं. त्या मांजरीचे लाड म्हणजे विचारूच नका. फिरतीवर असलेला नवरा फोन करायचा तो आधी ठकीची चौकशी करायचा, मग आईची, आणि बायकोपर्यंत येईतो त्याची रेंज जायची. ठकीला बाधतात म्हणून कुंड्यांतली झाडं गेली. उंदरांचं औषध गेलं. सुईदोरा डब्यात गेला. आणि एक दिवस सासूबाईंच्या न्हाणीघराच्या खिडकीतून ठकी बाहेरच्या सज्ज्यावर जाऊन बसली, चौथ्या मजल्यावर! सुनेनं तिला कशीबशी मानगूट धरून आत ओढलं, पण त्या दिवसापासून सुनेची धास्ती काही जाईना. ती गाद्यांच्या दुकानात कामाला होती. नव्या गाद्यांवरचं जाडजूड प्लास्टिक तिनं घरी आणलं आणि न्हाणीघराच्या खिडकीवर ठोकलं. मग सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीवरही. चारी कडांना चिकटपट्टी. मुंगीसुद्धा जाणार नाही असं पक्कं काम. तेव्हा कुठे ती निवांतपणे कामावर जायला लागली.

कुरकुर होती ती सासूबाईंची. "कोंडल्यासारखं होतं गं. मळमळतं. डोकं नुसतं धरून येतं." हल्ली रोजचंच होतं ते. सुनेला त्यात मत्सर दिसायचा. ठकीला काही झालं की यांच्याही दुखण्यानं डोकं वर काढायचं ठरलेलंच! दोघींची नाटकं सारखी, असं ती दुकानात सांगायची आणि सगळे हसायचे.

"आज कुठे सापडली ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सासूबाईंच्या खोलीत. त्यांच्या न्हाणीघराच्या दारातच पसरते मेली. गीझर चालू असला की ऊब लागते ना तिथं. आई गरम पाण्यानं गुडघे शेकत बसतात, मग ही पण तिथंच."

"मागच्या वेळीही तिथंच?"

"दर वेळी तिथंच की."

"गीझर विजेचा?"

"नाही, गॅसचा. का हो?"

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी टेबलावर ठेवली. "न्हाणीघराला खिडकी आहे ना?"

"आहे, पण तुम्ही अगदी निर्धास्त राहा," सून म्हणाली. "मी ती अशी काही बंद केलीय, की वाऱ्याची झुळूकसुद्धा..."

समोरच्या बाईंचा चेहरा पाहून ती थांबली.

"ही माझ्या औषधानं बरी होत नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाहेरच्या हवेनं होत होती. कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळत नाही, त्याचा विषारी वायू होतो. त्याला वास नसतो. नुसती गुंगी येते आणि झोप लागते. आत्ता घरी कोण आहे?"

सुनेला सकाळ आठवली. ती ठकीला टोपलीत घालून पळत सुटली होती. शेकायच्या पाण्याची बादली भरत होती, गीझर भर्र आवाज करत होता. सासूबाई पलंगाच्या कडेला डोकं धरून बसल्या होत्या. "अगं, त्या प्लास्टिकचा एक कोपरा तेवढा फाडू का? जीव घाबरतोय माझा." आणि ती केवढ्यांदा ओरडली होती! "त्या खिडकीला हात लावलात ना आई, तर माझ्याशी गाठ आहे! तुमचे गुडघे शेका आणि गप पडा!" सासूबाई निमूट आडव्या झाल्या होत्या. गार वारा लागून गुडघे धरतील म्हणून सुनेनंच जाता जाता खोलीचं दार ओढून घेतलं होतं.

"पत्ता सांगा! लवकर!" डॉक्टरीणबाई एव्हाना आपला फोन कानाला लावून अँब्युलन्सवाल्यांशी बोलत होत्या. सुनेनं पत्ता सांगितला, कसा ते तिलाच कळलं नाही. मग तिनं सासूबाईंचा नंबर लावला. फोन त्यांच्या उशाशीच असायचा. रिंग वाजत राहिली. तुटली. तिनं परत लावला. ठकी टेबलावर बसून शांतपणे पंजा चाटत होती.

आणि फोन उचलला गेला.

"आई!" ती किंचाळली. "आई, उठा! आधी बाहेर पडा! ती खिडकी..."

"नाही गं, नाही लावला हात," सासूबाई म्हणाल्या. आवाज झोपेनं जड झाला होता. "नको रागावूस. बंदच आहे खिडकी."