आपल्या स्तरावर

वरून हुकूम आला, शाळेत हात धुवायला नळ बसवा. खर्चाचं विचारलं तर शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "आपल्या स्तरावर भागवा."

हेडसरांचं डोकंच फिरलं. मुख्याध्यापकांच्या भरसभेत त्यांनी साहेबांना सुनावलं, "हुकूम सोडायला काय जातं? ज्यानं सोडला, त्यानंच पदराला खार लावावा." अशा टाळ्या पडल्या की साहेबांनी मुकाट्यानं खर्च मंजूर केला.

सर छाती फुगवून शाळेत परतले, तर दारातच चित्रकलेच्या बाई उभ्या. "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून नळ बसणार आहेत ती भिंत रंगवली. रंग मी माझ्या पैशांनी आणले. ते कधी मिळतील?"

 

"तेवढं आपल्या स्तरावर भागवा, बाई," सर म्हणाले, आणि या वाक्याला टाळी पडायची नाही, हे त्यांना म्हणताम्हणताच कळलं.