खापरपणजोबाची पाटी

"चुंबळ कशाला? खडी डोक्याला टोचायलाच हवी," हरबानाना गाइडला म्हणाले आणि भरलेली पाटी त्यांनी स्वतःच गोऱ्याच्या डोक्यावर चढवली.

गोरा लँकेशायरहून आपल्या घराण्याचा माग काढत या खेड्यात आला होता. कोळशाच्या खाणीत राबलेले, सूतगिरणीत खोकून मेलेले सगळे पूर्वज त्याला तिकडेच सापडले. फक्त खापरपणजोबा क्लेगचा पत्ता लागत नव्हता. तो घाटात रेल्वेचा बोगदा खोदायला मुकादम म्हणून आला आणि इथेच मेला. क्लेग हे नाव ऐकताच नानांचे कान टवकारले. याच मुकादमाने चाबकाने फोडून त्यांच्या खापरपणजोबाला भरल्या पाटीसकट दरीत पाडलं होतं.

"तुझा म्हातारा भूत होऊन बोगद्याच्या तोंडाशी बसलाय," नानांनी तिथल्या तिथे ठोकून दिलं. "माझ्या वंशातल्या कुणीतरी खडी वर आणून मला सोडवा, म्हणून रडतो."

"मराठीत?" गाइडने विचारलं.

"मेल्यावर सगळ्यांना येतं."

गोरा भर उन्हात घाट चढू लागला. नाना सावलीत पान जमवत ओरडत होते, "थांबू नको रे! साहेब बघतोय!"

संध्याकाळी तो लंगडत खाली आला. गुडघे फुटलेले, मान आखडलेली, डोळ्यांत पाणी. त्याने वाकून नानांचे पाय धरले.

"सुटला का, विचारतोय, त्याचा खापरपणजोबा," गाइड म्हणाला.

"त्याच्याचं काय ते देव जाणे," नाना पिंक टाकत म्हणाले. "माझा मात्र आज सुटला."